वर बाबा, खाली काका, मध्ये कपाट

एखाद्या वस्तूवर दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लावला तर ती जागची हलत नाही, हे मला परीक्षेत अगदी नीट आलं होतं. जिन्यात आलं नाही.

परीक्षेचं आधी सांगते, कारण सगळ्या दुर्दशेचं मूळ तिथेच आहे. 'बल आणि गती' या धड्यावर मला वीसपैकी साडेएकोणीस मिळाले. अर्धा गुण गेला तो उत्तरात नुसता आकडा लिहून दिशा लिहायची राहिली म्हणून. साडेएकोणीस हा फार वाईट आकडा आहे. वीस मिळाले असते तर मी गप्प बसले असते, अठरा मिळाले असते तरी गप्प बसले असते. साडेएकोणीसवालीला मात्र जगाला काहीतरी दाखवून द्यायचं असतं.

आणि मला खोली हवी होती.

आमच्या घरात मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. तिला खोली म्हणायचं ते केवळ चार भिंती आहेत म्हणून. आत एक सागवानी कपाट होतं, आजोबांनी सुताराला समोर बसवून करून घेतलेलं. सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद, आणि वजनाला एखाद्या सुखवस्तू म्हशीइतकं. ते खोलीत नव्हतं, खोलीच त्याच्या अवतीभवती होती. मी नववीपर्यंत हॉलमधल्या सोफ्यावर झोपत आले, उशाशी फ्रिजची घरघर आणि पायाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला. तेव्हा गुण हातात पडल्या पडल्या मी बाबांपुढे मागणी ठेवली.

बाबा म्हणाले, "कपाट बाहेर निघालं तर खोली तुझी. पण रविवारी संध्याकाळी सहाला आत्याचा टेम्पो येतोय. तिच्या घराची दुरुस्ती आहे, सामान कुठेतरी ठेवायला हवं. सहापर्यंत खोली रिकामी करून तू आत बसलेली दिसलीस तर तुझी, नाहीतर आत्याची."

आत्याचं सामान म्हणजे शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि अकरा खोकी. आत्याच्या घराची दुरुस्ती म्हणजे किमान दोन वर्षं. तोवर मी कॉलेजात गेले असते.

कपाट जाणार कुठे, हा प्रश्न आई आणि काकूने परस्पर सोडवला होता. काका-काकू आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही चौथ्या. काकांची पुस्तकं जमिनीवर ढीग घालून पडलेली असतात, त्यांना कपाट हवंच होतं. अडचण एकच होती. बाबा आणि काका पाच महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण विचाराल तर बुद्धिबळ. एका रविवारी बाबांनी हत्तीला हात लावला आणि घोडा चालवला. काका म्हणाले, हात लावलेला मोहरा चालवायचा. बाबा म्हणाले, मी फक्त धूळ झटकली. काका म्हणाले, दादा, हत्तीवर धूळ नव्हती. तेव्हापासून बाबा काकांना 'खालचे' म्हणतात, काका बाबांना 'वरचे' म्हणतात, आणि वरच्यांचा निरोप खालच्यांना, खालच्यांचा वरच्यांना, असा टपाल विभाग मी चालवते.

"खालचे असतील तर मी कपाटाला हात लावणार नाही," बाबा म्हणाले.

"वरच्यांना सांग, माझी पुस्तकं जमिनीवर सुखात आहेत," काका म्हणाले.

मी दोघांनाही एकच मुद्दा पटवला, आणि तो मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. कपाट सहा फुटांचं आहे. जिन्यातून नेताना एकजण वर असणार, एकजण खाली. मध्ये कपाट. तोंडसुद्धा दिसणार नाही. दोघांनाही हे एकदम मान्य झालं.

मग मी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. वर बाबा, बाण खाली. खाली काका, ओढणारे, बाण खाली. गुरुत्वाकर्षण, बाण खाली, आणि कंसात 'फुकटचा मजूर'. सगळे बाण एका दिशेला, म्हणजे सगळ्या बलांची बेरीज. वजाबाकीला जागाच नाही. या वेळी दिशा लिहायला मी विसरले नव्हते. उलट लाल पेनाने गिरवली होती.

इतकं झाल्यावर कोणत्याही शहाण्या मुलीने कपाटाला हात घातला असता. पण आमच्या इमारतीत कपाट हलवायला अर्ज करावा लागतो.

सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहतात. त्यांनी स्वतः तयार केलेल्या छापील अर्जात एक ओळ आहे: 'सामान इमारतीत येत आहे / इमारतीतून जात आहे. नको ते खोडावे.' आमचं कपाट येतही नव्हतं आणि जातही नव्हतं. मी दोन्ही खोडलं. ते म्हणाले, "दोन्ही खोडता येत नाही." मी दोन्ही ठेवलं. ते म्हणाले, "दोन्ही ठेवता येत नाही." शेवटी त्यांनीच तोडगा काढला: चौथ्या मजल्याने 'जात आहे' असा अर्ज द्यायचा, दुसऱ्या मजल्याने 'येत आहे' असा.

मी दोन अर्ज आणले. त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"एक गेलं, एक आलं. म्हणजे इमारतीच्या दृष्टीने काहीच झालं नाही."

"मग परवानगी लागणार नाही ना?"

"लागणार. पण देणार कशाची?" ते म्हणाले. "विचार करून सही करतो. अकरा वाजता ये."

अकरा वाजता मी लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेले तर ते जिन्याने खाली उतरले होते. मी लिफ्टने खाली आले तर ते पंपाची खोली बघून जिन्याने वर निघाले होते. लिफ्टमध्ये ते बसत नाहीत, लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही, कारण तिच्या दुरुस्तीचं कंत्राट त्यांनीच दिलेलं आहे. विरुद्ध दिशांनी एकमेकांकडे येणाऱ्यांचा सापेक्ष वेग म्हणजे दोघांच्या वेगांची बेरीज, असं पुस्तकात आहे. आमचा सापेक्ष वेग प्रचंड होता. भेट मात्र होत नव्हती, कारण एक लिफ्टमध्ये आणि दुसरा जिन्यात असेल तर काय, हे पुस्तकात दिलेलं नाही. चौथ्या खेपेला मी लिफ्ट सोडून जिन्यात मधोमध बसून राहिले, म्हणजे माझा वेग शून्य केला. तीन मिनिटांत ते सापडले.

सही मिळाली, पण अट घालून. रविवारी दोन ते सहा लिफ्टला कुलूप. "नाहीतर तुम्ही कपाट लिफ्टमध्ये कोंबाल," ते म्हणाले. मी सांगितलं की लिफ्टमध्ये तीन माणसं कशीबशी मावतात, कपाट मावणारच नाही. ते म्हणाले, "मावत नाही तेच तर लोक कोंबतात."

रविवारी दोन वाजता आमच्या दारात सल्लागार जमले. चौथ्याच मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात, त्यांना सगळे साहेब म्हणतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. त्यामुळे कुठलीही गोष्ट एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची म्हटली की त्यांना दोन टोकांच्या मध्ये काहीतरी उभारावंसं वाटतं. त्यांनी माझा आराखडा हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला.

"घर्षण कुठे आहे?"

"ते किरकोळ आहे, साहेब."

"बरं," साहेब म्हणाले. हे 'बरं' मला आज कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागतं.

सुरुवात मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. कपाट पाठीवर आडवं करून खाली जुनी सतरंजी घातली. कमरेला दोर बांधला, म्हणजे कपाटाच्या. दोराचं टोक बाबांकडे, पायथ्याशी काका. कपाट एक एक पायरी उतरत डुलत डुलत तिसऱ्या मजल्यावर आलं. मी पुढे-मागे करत निरोप पोचवत होते, आणि पोचवताना थोडी साफसफाईही करत होते.

"त्या शहाण्याला सांग, डावीकडे घे म्हणावं," बाबा म्हणायचे.

"काका, जरा डावीकडे जमेल का, असं विचारतायत."

"वरच्यांना सांग, जिना मीपण पाहिलाय जन्मात."

"बाबा, काका हो म्हणाले."

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कपाट अडकलं. वरचा कोपरा छताला टेकला, खालचा पाय कठड्यात घुसला, आणि सबंध जिना असा बंद झाला जणू तिथे कधी जिना नव्हताच. फक्त कठड्याच्या बाजूला, खाली, एक तिरकी फट उरली. त्या फटीतून जाऊ शकेल अशी सगळ्या इमारतीत एकच व्यक्ती होती. पोटावर झोपून, डोकं आधी.

मी सरपटत खाली जायचे, काकांना सांगायचे "ओढा!", सरपटत वर यायचे, बाबांना सांगायचे "ढकला!" दोघांचे चेहरे लाल. दोघांच्या मानेच्या शिरा टरारलेल्या. कपाट ढिम्म.

"जोर कमी पडतोय," मी जाहीर केलं, आणि मनुष्यबळ वाढवायचं ठरवलं.

मनुष्यबळ दोन्ही बाजूंना आपोआप साठतच होतं. तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांचा दवाखाना तळमजल्यावर. त्यांना खाली जायचं होतं. त्यांचा एक पेशंट, गाल सुजलेला, वाट बघून बघून त्यांना शोधत वर आला होता. लिफ्टला कुलूप. कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या बंद घरात पाचव्या मजल्यावर, आणि सेक्रेटरी स्वतः कपाटाच्या खालच्या बाजूला, हातात नोटीस घेऊन. नोटीस 'जिना अडवल्याबद्दल' होती. ती कुणाला द्यायची हे त्यांना कळत नव्हतं, कारण 'जात आहे'वाले वर होते आणि 'येत आहे'वाले खाली.

"कपाट सध्या कुणाचं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"सध्या ते कुणाचंच ऐकत नाहीये," मी म्हणाले.

मी डॉक्टरीणबाईंना वर बाबांच्या मदतीला उभं केलं. समतोल राखावा म्हणून खाली पेशंटला काकांच्या मदतीला दिलं. मग वर आई, तर खाली काकू. वर साहेब, तर खाली सेक्रेटरी. एका बाजूला माणूस वाढवला की दुसऱ्या बाजूलाही वाढवायचा, हे मी इतक्या न्यायबुद्धीने करत होते की माझा मलाच अभिमान वाटला. यात काही चुकतंय हे साडेएकोणीस गुणांच्या डोक्यात शिरलं नाही. उलट मधल्या विश्रांतीत मी डॉक्टरीणबाईंना फटीपाशी आणून टॉर्च दिला, पलीकडे पेशंटला वाकायला लावलं, आणि बाई फटीतून ओरडल्या, "आ करा! अजून मोठा! अक्कलदाढ आहे!" निदान एका माणसाची तरी रविवारी काही प्रगती झाली.

साडेचार झाले. पाच झाले. साहेबांनी कठडा कापून तात्पुरता पूल टाकायची कल्पना मांडली. आई म्हणाली, "अगं, राहू दे ती खोली. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! मी पुन्हा फटीत शिरले. आता रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी फार जोरात हुकूम सोडत होते.

"बाबा, नीट ढकलताय ना?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले आणि कानाशी म्हणाले, "ढकलत नाहीये."

"काय?"

"हळू बोल. दोर पायरीला पाय लावून मागे ओढून धरलाय. खाली तो आहे ना. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. हे धूड एकदम सुटलं तर पाय कामातून जाईल. त्याला सांगू नकोस, कळलं? उगीच वाटायला नको मी काळजी करतोय."

मी तशीच सरपटत खाली गेले. काका कपाटाला खांदा लावून, डोळे मिटून, दात आवळून उभे होते. बाजूला काकू कमरेवर हात ठेवून उभी.

"काका, तुम्ही ओढताय ना?"

काकांनी एक डोळा उघडला. "प्रोफेसर," ते मला प्रोफेसर म्हणतात, "खरं सांगू? वर रेटून धरलंय."

"वर? अहो, आपल्याला खाली न्यायचंय!"

"वरती दादा आहे. त्याच्या कंबरेचा मणका सरकलेला. सगळं वजन दोरावर घेतलं तर आठ दिवस उठायचा नाही. म्हणून मी खालून उचलून धरतोय. पण वरच्यांना यातलं काही बोलायचं नाही. शपथ आहे."

तीन तास! तीन तास एक माणूस कपाट वर ओढत होता, दुसरा वर रेटत होता, आणि त्यांच्या मदतीला मी दिलेली सगळी इमारत, माझ्या हुकमाबरहुकूम, खाली ढकलत आणि ओढत होती. माझ्या आराखड्यात तीन बाण होते, तिन्ही खाली. प्रत्यक्षात ज्यांच्या नावाने बाण काढले त्यांच्यापैकी एकानेही माझ्या बाणाचं ऐकलं नव्हतं. 'फुकटचा मजूर' तेवढा प्रामाणिकपणे कामावर होता.

मी दोघांनाही शब्द देऊन बसले होते. घड्याळात साडेपाच. विचार करत मी परत वर जायला निघाले, पण मधेच आठवलं की काकांना आणखी एक विचारायचं राहिलं, म्हणून वर पोचून पुन्हा डोकं आधी खाली घातलं. आणि नेमकं तेव्हाच सेक्रेटरींनी, नोटीस कुणालाच देता येत नाही या संतापात, कपाटाला एक लाथ घातली.

कपाट हललं. अडकल्यापासून पहिल्यांदा विस्थापन झालं. चार बोटं. दिशा: माझ्याकडे.

मी फटीत अडकले. डोकं आणि हात काकांच्या बाजूला, पाय बाबांच्या बाजूला, मध्ये मी नेमकी किती जाड आहे याचा हिशोब कपाट आणि कठडा मिळून करत होते. लागलं फारसं नव्हतं, पण पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. मी ओरडले. काकांनी माझे हात धरले आणि खाली ओढलं. त्याच क्षणी बाबांनी माझे पाय धरले आणि वर ओढलं.

संतुलित बलं म्हणजे काय हे मला त्या क्षणी जितकं समजलं तितकं कुठल्याही पुस्तकाने समजावलं नसतं. पुस्तकात ती वस्तू ओरडत नाही.

"बाबा, सोडा!" मी किंचाळले, पण माझं तोंड काकांच्या बाजूला. बाबांना ऐकू गेलं ते एवढंच की पोरगी ओरडतेय. त्यांनी आणखी ओढलं. टपाल विभागच मध्ये अडकलेला, निरोप नेणार कोण?

काकांनी वर पाहिलं. मग खाली माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आणि पाच महिन्यांनंतर ओरडले, "दादा! पाय सोड तिचे!"

वर माझे पाय ओढणं एकदम थांबलं. नंतर बाबांचा आवाज आला, जरा घोगरा. "तू आधी हात सोड!"

"मी हात सोडले तर ती डोक्यावर आपटेल!"

"आणि मी पाय सोडले तर?"

"तर मी काढतो ना बाहेर!"

"कपाट कोण धरणार? तुझा गुडघा..."

बाबा थांबले. उशीर झाला होता. माझ्याही तोंडून, शपथ वगैरे सगळी विसरून, बाहेर पडलं, "काका, बाबा ढकलतच नव्हते. तुमच्या गुडघ्यासाठी दोर मागे ओढून धरलाय त्यांनी. दुपारपासून!"

काका कपाटाच्या पाठीकडे बघत राहिले, जणू तिच्यावर काही लिहिलंय.

"दादा," शेवटी ते ओरडले, "गुडघा तीन महिन्यांपूर्वी बरा झाला माझा!"

"मला कुठे सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

"हिला विचारायचो रोज!" बाबा म्हणाले. हे खरं होतं. रोज विचारायचे, 'खालचे लंगडतात का गं अजून?' मी समजत होते टोमणा आहे. म्हणून साफसफाई करताना तो निरोप मी खाली पोचवतच नव्हते. पाच महिन्यांत सगळ्यात कामाचा निरोप मीच गाळला होता.

"मग दोराला वजन का लागत नाहीये? तू वर रेटतोयस की काय?" बाबांनी विचारलं. "कपाट खाली यायला हवं ना?"

काकांनी खांदा बदलला. काकूने मात्र कमरेवरचे हात काढले. "तुमच्या कंबरेसाठी, भाऊजी! दुपारपासून सांगतेय यांना, अहो, ओढा, ओढा. तर म्हणे दादाची कंबर!"

"कंबरेला काय झालंय माझ्या?"

"मणका सरकलाय ना!"

"तो दोन वर्षांपूर्वी!"

"मग सोड की दोर!"

"तू आधी खांदा काढ!"

"तू मोठा आहेस, तू आधी!"

"तू लहान आहेस, तू आधी!"

आता हे सगळं माझ्या दोन्ही टोकांवरून चाललं होतं, आणि माझी कंबर किंवा गुडघा याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. शेवटी साहेब पुढे आले. तीन तास पुलाशिवाय दुसरं न बोललेला माणूस इतकंच म्हणाला, "आधी दोघंही वर घ्या. दोघंही. चार बोटं. पोरीला काढा. मग दोघंही खाली."

कपाट वर गेलं. अलगद, जणू पुठ्ठ्याचं आहे. काकांनी मला बाहेर ओढलं. खिसा फाटला, कोपर सोललं, वेणीत सतरंजीचे दोरे. डॉक्टरीणबाईंनी फटीतून कापूस दिला आणि सवयीने म्हणाल्या, "आ करा."

त्यानंतर बाबांनी वरून "हं!" म्हटलं, काकांनी खालून "हं!" म्हटलं, आणि ते सागवानी धूड दहा मिनिटांत वळण घेऊन दुसऱ्या मजल्यावर काकूच्या हॉलमध्ये जाऊन उभं राहिलं. मला कुणीही काहीही विचारलं नाही. आलेखाचा कागद सेक्रेटरींनी उचलला, घडी घातली आणि नोटिशीबरोबर फायलीत लावायला घेऊन गेले.

सहाला दहा कमी होते. मी दोन मजले वाऱ्यासारखी चढले. खोली रिकामी! भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक चौकोन, बाकीच्या रंगापेक्षा उजळ. माझा आवाज चारही भिंतींना लागून माझ्याकडेच परत येत होता. मी मधोमध मांडी घालून बसले. इथे टेबल, तिथे पलंग, दारावर पाटी. पाटीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं: 'टकटक केल्याशिवाय येऊ नये.'

तेवढ्यात टकटक न करता बाबा आले. मागे काका.

"खाली बसायला जागा नाही," काका म्हणाले. "तुझी काकू पुस्तकं लावतेय."

"हॉलमध्ये सगळी इमारत चहा पितेय," बाबा म्हणाले. "इथे बसतो पाच मिनिटं. पाय थरथरतायत."

दोघं भिंतीच्या उजळ चौकोनाला पाठ टेकून फरशीवर बसले. मला वाटलं, आता पाच महिन्यांचं साचलेलं बोलतील. मी ऐकायला कान टवकारून बसले. बाबा म्हणाले, "गुडघा खरंच बरा आहे?" काका म्हणाले, "आहे. कंबर?" बाबा म्हणाले, "आहे." संपलं. तिसऱ्या मिनिटाला बाबांची मान काकांच्या खांद्यावर कलली. चौथ्या मिनिटाला काकांचा गाल बाबांच्या टकलावर टेकला. दोन्ही बाजूंनी सारखाच भार. त्यामुळे कुणीच पडत नव्हतं, आणि दोघंही घोरत होते.

पाच मिनिटं झाली. खालून हॉर्न वाजला.

आत्या कधी हळू बोललेली मी ऐकलेली नाही. तिचा आवाज तिच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचला. "खोली रिकामी झाली का? खोकी वर घ्यायची आहेत! कुठे गेले सगळे?"

मी दारात आडवी उभी राहिले, दोन्ही हात पसरून. फाटका खिसा, कोपराला कापूस. "आत्या, ही खोली माझी आहे. सहाच्या आत रिकामी केली. बाबांनी कबूल केलंय. मी आत बसलेली..."

"बघू," म्हणत आत्याने मला एका बाजूला सारलं आणि आत डोकावली.

ती बराच वेळ बघत राहिली. दोघांची ती मोठी बहीण. लहानपणी दोघांच्या मारामाऱ्या तिनेच सोडवलेल्या. मला वाटलं, आता एकेकाचा कान धरून उठवेल. तिने पदराने नाक पुसलं. मग जिन्यापाशी गेली, कठड्यावरून वाकली आणि टेम्पोवाल्याला हाताने खूण केली: नको, राहू दे, फिरव.

"सामान, आत्या?" मी विचारलं.

"नेते माझ्या नणंदेकडे." आणि मग माझ्या जन्मात पहिल्यांदा ती कुजबुजली. "पाच महिने झाले ना गं?"

"पाच."

"मग झोपू दे."

"पण खोली माझीच ना?"

"तुझीच. हवं तर उठव त्यांना."

मी आत पाहिलं. काकांच्या तोंडातून बाबांच्या टकलावर एक लाळेची तार हळूहळू उतरत होती. मी दप्तर घेतलं, दार जरासं ओढलं, आणि माझ्या स्वतःच्या खोलीच्या बाहेर, चौकटीला पाठ लावून, भूगोलाचा गृहपाठ करत बसले. आई चहाचे दोन कप घेऊन आली तेव्हा मी हात आडवा धरला आणि तिला सांगितलं, "टकटक करायची."

"कप आहेत गं हातात," आई म्हणाली.

म्हणून मग तिच्या वतीने मीच केली, एका बोटाने, त्यांना ऐकू जाणार नाही इतकी.